इडलीवाली चटणी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

डायरी सुरू. जानेवारीत पतसंस्थेने दिलेली, आजवर कोरी. कव्हरवरचा लोगो बघवत नव्हता म्हणून कोरी. आज त्यावर ब्राऊन पेपर चिकटवला. आता लिहायला हरकत नाही.

संयोगिता गुरुवारी गारगोटीला माहेरी गेली. आक्कांचा, म्हणजे सासूबाईंचा, गुडघा दुखतो. चार दिवसांत येईल. मोठी बॅग नेली, पण बायका चार दिवसांना मोठीच बॅग नेतात. चटणीची चाळण पण नेली. गुडघ्याला चाळण कशाला, हे विचारायचं राहिलं.

आज शहरात मूक मोर्चा. नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण गुजरातला नेली, ती परत आणा म्हणून. मी गेलो नाही. कलावंताने मोर्चात चालायचं नसतं, मोर्चाला अक्षर द्यायचं असतं. सकाळी बसून 'माधुरी परत ये' असा डीपी केला. काळ्यावर पांढरं, आणि 'ये'ची मात्रा सोंडेसारखी वर वळलेली. तासाभरात तयार. तालमीच्या ग्रुपवर टाकला.

संकल्प : १) पहाटे उठून रंकाळ्यावर फिरायला जायचं, उद्यापासून. २) काम करताना फोन उलटा ठेवायचा.

५ ऑगस्ट

डीपी जिल्हाभर फिरला. कुरुंदवाडच्या एका अनोळखी माणसाने तो मलाच पाठवला, वर 'दहा जणांना पाठवा' म्हणून तंबी. कोपऱ्यातलं 'उदयसिंह क्रिएशन्स' मधेच कुणीतरी कापलंय. चोर लेकाचे. पण ती मात्रा कुणाची आहे हे जाणकाराला कळतंच. जाणकार अजून कुणी भेटला नाही.

शेजारच्या शालूबाई आमटी घेऊन आल्या. म्हणाल्या, हत्तिणीला एवढं ये ये म्हणतायसा, वैनीस्नी येक फोन केला न्हाय व्हय? मी सांगितलं, आजारपणाच्या घरात फोन करून डिस्टर्ब करू नये. शिवाय हत्तिणीला एसटीने येता येत नाही, संयोगिताला येतं. त्या आमटी ओट्यावर ठेवून निघाल्या. मुद्दा पटला असावा.

रंकाळा : पाऊस होता.

८ ऑगस्ट

मोनाचा फोन. मोना म्हणजे मेव्हण्याची मुलगी, कॉलेजात आहे, फोनशिवाय तिला हात नाहीत. म्हणाली, मामा, आत्या सध्या येणार न्हाय. का, तर म्हणाली, पाकिटं आठवा.

आठवली. वस्तुस्थिती लिहून ठेवतो, उगीच नंतर कुणी फाटे फोडायला नकोत.

संयोगिता दर उन्हाळ्यात कांदा-लसूण चटणी करते. कोल्हापुरात चटणी म्हणजे हीच. लाल, तिखट, बरणीत वर्षभर टिकणारी. पुण्याकडे हिला मसाला म्हणतात. घरचं भागवून उरलेली विकायची असं तिने ठरवलं, चांगली गोष्ट आहे. लेबल करून द्या म्हणाली. तेव्हापासून काम चालू आहे. मधे तीन दिवाळ्या गेल्या, पण लोकांना वाटतं मिरचीचं चित्र टाकलं की लेबल झालं. आधी रिसर्च असतो. मग नाव. मी 'लालसा' सुचवलं होतं. दोन ल, मधे काना, काय देखणा आकार! संयोगिता म्हणाली, 'लालसा घ्या' म्हणत मी दारोदार फिरू? आक्कांना काय सांगू? हे असं. क्लायंटला दृष्टी नसली की डिझायनरचे हात बांधले जातात.

शेवटी जुलैत तिने धीर सोडला. झेरॉक्सच्या दुकानातून चिठ्ठ्या छापून आणल्या आणि सगळ्या पाकिटांना चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी बचत गटाचं प्रदर्शन होतं. ती टेबल ठरवायला गेली, तेवढ्यात मी पाकीट हातात घेतलं तर काय, ल हिंदी! आपला मराठी ल रेघेपासून मधोमध लोंबतो, दोन्हीकडे गोल. हिंदीतला उजव्या दांडीला टेकून उभा राहतो, आळशी माणूस खांबाला टेकतो तसा. 'कोल्हापुरी'त हिंदी ल, 'लसूण'मध्ये हिंदी ल. शासनाचा जीआर आहे यावर. मी पाकिटं टबात भिजवली आणि एकेक चिठ्ठी अलगद काढली. एकही फाटू दिली नाही. थोडं पाणी आत गेलं असेल.

ती आली, टबाकडे बघितलं, आणि काही बोलली नाही. बोलली असती तर मी जीआर दाखवला असता.

१२ ऑगस्ट, सकाळ

मोनाच्या स्टेटसला संयोगिताचा नवा नंबर दिसला. वर ऑर्डरचं काहीतरी होतं, वाचलं नाही. 'कशी आहेस?' असा मेसेज टाकला.

बोट उचलतोय तोवर उत्तर! 'नमस्कार. आपण संपर्क साधलात, आनंद वाटला. आम्ही लवकरच आपल्याशी बोलू.'

इतक्या लगेच, म्हणजे फोन हातात धरून माझीच वाट बघत होती. 'आनंद वाटला' हे तिने लग्नानंतर पहिल्यांदाच म्हटलंय. 'आपण' काय, 'आम्ही' काय, रागावलेली बाई इतकं घरंदाज लिहीत नाही. आणि 'लवकरच'मधला 'च' बघा. त्या 'च'मध्ये सगळं आलं. 'लवकरच'मधला ल हिंदी दिसतोय, पण तो फोनचा दोष. माफ केला.

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. फोन उलटा ठेवला होता, सुलटा केला.

१५ ऑगस्ट

स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा पाठवल्या. उत्तर लगेच. तेच वाक्य, शब्द न शब्द तोच. माणूस मनाने ठाम असला की शब्द बदलत नाही.

'लवकरच' म्हणजे या आठवड्यात धरतो. चादरी धुवायला काढल्या.

रंकाळा : चादरींमुळे राहिलं.

१७ ऑगस्ट

हायकोर्टाचं सर्किट बेंच आजपासून कोल्हापुरात. चौकाचौकांत अभिनंदनाचे फ्लेक्स. आमच्या तालमीचा फ्लेक्स मी केला. तालमीचा अध्यक्ष आकाराम हा माझा सर्वांत मोठा क्लायंट. बाकीचे क्लायंट सध्या विचार करतायत.

मी न्यायाचा तराजू फक्त दोन रेघांत काढला होता, भोवती सगळी मोकळी जागा. बघणारा थबकला पाहिजे. आकाराम थबकला. म्हणाला, उदयराव, एवढी जागा सुटलीय, तितं पोरांचं फोटू बसत्यात की. बसवले. एका पारड्यात तो, दुसऱ्यात त्याचा भाऊ. भाऊ वजनाने जास्त म्हणून पारडं खाली घ्यायला सांगितलं तर दोघांनाही राग आला.

घरी येऊन हे कुणाला सांगावं असं वाटलं. संयोगिता अशा वेळी हसत नाही, पण हातातलं काम थांबवते. शालूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, फोटू चांगलं आल्यात की.

२१ ऑगस्ट

अमेरिकेत मोठी भानगड. एका हॉटेल-कंपनीने आपल्या लोगोतला म्हातारा काढून टाकला. पिंपाला टेकून बसलेला साधा म्हातारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मॉडर्न दिसावं म्हणून काढला आणि नुसतं नाव ठेवलं. तिकडे लोक खवळलेत.

मी दिवसभर तो जुना लोगो झूम करून बघत होतो. म्हातारा निवांत बसलाय. त्याला काय माहीत, उद्या उठवणार आहेत.

गारगोटीला मेसेज टाकला : 'अमेरिकेची बातमी वाचलीस का?' आनंद वाटला म्हणाली.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

म्हातारा परत आला! कंपनीने माघार घेतली. लोकांच्या मनात एकदा चित्र बसलं की ते कुणाला काढता येत नाही. हे वाक्य माझं. पुढेमागे कुठे व्याख्यानाला बोलावलं तर वापरायचं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

हा शकुन समजायला हरकत नाही. म्हाताऱ्याला परत आणायला एक आठवडा लागला. माणूस काढणं सोपं असतं, पण ती जागा रिकामी दिसायला लागते, हे आता गारगोटीत जाणवत असणार.

गणपती मी एकट्याने आणला. मोरया म्हणताना एकट्याचा आवाज फार मोठा येतो, म्हणून दुसऱ्यांदा हळू म्हटलं. मोदक विकतचे. पाचपैकी तीन मीच खाल्ले, उरलेले तिच्यासाठी फ्रीजमध्ये ठेवले. गौरीला ती येतेच. गौरीला बाई माहेरी जाते, हे मला माहीत आहे, पण ती आधीच माहेरी आहे, तेव्हा तिने उलट यायला पाहिजे.

१ सप्टेंबर, गौरीपूजन

आली नाही.

गौरीला साडी मीच नेसवली. मिनिमल ठेवली, कमी निऱ्या, स्वच्छ रेषा. शालूबाई हळदीकुंकवाला आल्या आणि दारातच म्हणाल्या, अगं बया, गवर आजारी हाय काय? सगळी सोडून परत नेसवली. संयोगिताची पिवळी साडी होती. त्या पदर लावत होत्या तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. तिथे काही काम नव्हतं.

फोटो पाठवला. 'आनंद वाटला.' तिला वाटलाच असणार, साडी ओळखली असेल.

१० सप्टेंबर

चटणीची बरणी संपली. काल चमच्याने खरवडली, आज पाणी घालून हलवली आणि ते पाणी आमटीत ओतलं. घरात असं कधी झालं नव्हतं. मृगात भरलेली बरणी पुढच्या मृगापर्यंत जायची. ती बरणीही बहुधा तिने या वेळी अर्धीच भरली होती, हे आता लक्षात येतंय.

ज्ञानूच्या दुकानात गेलो. कांदा-लसूण चटणी मागितली. ज्ञानूने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं, आणि काउंटरवर एक पाकीट ठेवलं.

'संयोगिताची चटणी.' आणि खाली चित्र इडलीचं! केळीच्या पानावर चार इडल्या, वाफ निघतेय, शेजारी वाटीत पांढरी खोबऱ्याची चटणी, वर कढीपत्ता. एका इडलीला डोळे असल्यासारखं दिसतंय. पानाच्या कडेला काही अक्षरं आहेत, ती कुठल्याही भाषेतली नाहीत. आत मात्र लालभडक कांदा-लसूण.

ज्ञानूने सगळी हकिगत सांगितली. मोनाने फोनवरच्या एआयला सांगितलं, चटणीचं लेबल कर. त्या बिचाऱ्याला काय माहीत कोल्हापुरात चटणी कशाला म्हणतात? त्याने जगाची चटणी काढली. लग्नाची ऑर्डर दुसऱ्या दिवशी द्यायची होती, बदलायला वेळ नव्हता, तशीच छापली. मी म्हटलं, ही फसवणूक आहे, वर इडली आणि आत मिरची. ज्ञानू म्हणाला, आवो, तिकडं लोक हसत्यात आन चार पाकिटं नेत्यात. तुमाला किती देऊ?

एक घेतलं. बायकोची चटणी दुकानातून. ज्ञानूने पिशवी देऊ का विचारलं, मी नको म्हटलं, शर्टाखाली धरून आणलं.

चव तीच आहे. डोळ्यांतून पाणी आलं. तिखट जास्त असणार.

१३ सप्टेंबर

लेबलवर सविस्तर टीका लिहिली. रंगसंगती, अक्षररचना, इडलीचं औचित्य, डोळ्यांचा प्रश्न. शेवटी ल. पाकिटामागच्या मजकुरातले सगळे ल हिंदी. छान पीडीएफ केली, अनुक्रमणिकेसकट, आणि पाठवली.

उत्तर लगेच. 'आनंद वाटला.' टीका इतक्या खेळीमेळीने घेणारा क्लायंट मी आजवर बघितला नाही. मोठ्या मनाची बाई आहे. 'आम्ही लवकरच आपल्याशी बोलू' हे आता पक्कं धरतो. फ्रीजमधले मोदक मात्र टाकावे लागले.

२४ सप्टेंबर

सगळीकडे इडली. आकाराम जोतिबाला गेलता, तिथे दुकानात बाया मागतायत म्हणे, इडलीवाली द्या. तालमीत पोरं मिसळीवर शिंपडून खातायत आणि म्हणतायत, इडली टाक रं. संयोगिताचं नाव कुणी वाचतसुद्धा नाही.

जगात काय चाललंय! मी आयुष्यभर मोकळ्या जागेचा अभ्यास केला आणि गाजली कोण, तर डोळे असलेली इडली.

पण मला घाबरायचं कारण नाही. वाईट डिझाइन थोडे दिवस चालतं, चांगलं कायम टिकतं. मी माझं खरं लेबल पूर्ण करून दाखवलं की इडली आपोआप जाईल आणि संयोगिता परत येईल. एवढंच करायचं राहिलंय. तिने माझ्याकडे मागितलं काय होतं? लेबल. दसऱ्याला देतो.

२ ऑक्टोबर, दसरा

पूर्ण झालं!

सकाळी पाटी-पुस्तकांची पूजा केली, संगणकाला हळदकुंकू वाहिलं आणि बसलो. उठलो तो संध्याकाळी. कल्पना साधी आहे. चाळण धरलेला हात, खाली लाल ढीग, आणि वर 'संयोगिताची कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी', प्रत्येक अक्षर मी हाताने काढलेलं. मराठी ल. नावात श असता तर तोही मराठीच काढला असता.

एक गोष्ट घडली, ती लिहून ठेवतो. हात काढताना अडलो. चाळण ती उजव्या हाताने हलवते की डाव्या? आठवेना. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात माझ्यासमोर बसून चाळलीय. मी तिथेच असायचो, वर्तमानपत्राची अक्षरं बघत. लग्नाचा अल्बम काढला, पण लग्नात कुणी चटणी चाळत नाही. शालूबाईंना विचारायला दारापर्यंत गेलो आणि परत आलो. नवऱ्याने शेजारणीला हे विचारणं बरं दिसत नाही.

उजवा काढला. बहुतेकांचा उजवाच असतो.

सोनं घ्या सोनं म्हणून आपट्याचं पान आणि लेबल दोन्ही पाठवायचं ठरवलं होतं. मग वाटलं, हे फोनवर नको. दिवाळीला स्वतः न्यायचं, फ्रेम करून. ती म्हणालीच आहे लवकरच बोलू.

१९ ऑक्टोबर

आकाराम घरी आला. दिवाळीच्या फ्लेक्सवर फटाक्यांची माळ कुणाच्या फोटोभोवती फिरवायची, ही चर्चा. माझ्या टेबलावर फ्रेम बघितली. चांगलं हाय म्हणाला, पर इडली कुटं हाय?

मी दुर्लक्ष केलं. मग म्हणाला, तालमीच्या जेवणाला वैनींची चटणी सांगायचीय. तिथल्या तिथे फोन काढून मेसेज टाकला. टाकतोय तोवर त्याचा फोन वाजला. त्याने वाचून दाखवलं.

नमस्कार. आपण संपर्क साधलात, आनंद वाटला. आम्ही लवकरच आपल्याशी बोलू.

मी फोन त्याच्या हातातून घेऊन बघितला. म्हणाला, ते आपोआप येतंय वो, धंद्याचा नंबर हाय न्हवं. समद्यास्नी येतंय. मोनानं बसवलंय.

माळ त्याच्या भावाच्या फोटोभोवती फिरवायची ठरली.

२० ऑक्टोबर

रंकाळ्याला गेलो. पहाटे नाही, संध्याकाळी. सगळे कुणा ना कुणाबरोबर होते. एका बाकावर जागा होती, पण शेजारी म्हातारा निवांत बसला होता, त्याला उठवावंसं वाटलं नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

काही नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

गारगोटीला गेलो. एसटीत फ्रेम मांडीवर उभी धरली होती. शेजारच्या माणसाने नमस्कार केला, त्याला देवाचा फोटो वाटला.

अंगणात पत्र्याची शेड टाकलीय. चारपाच बाया पाकिटं भरत होत्या आणि मधोमध संयोगिता बसली होती. तोंडाला फडकं बांधलेलं. चाळण तिच्या डाव्या हातात. डाव्या हाताने हलवत होती, अगदी सहज, जन्मापासूनची सवय असल्यासारखी. मी फ्रेम पाठीमागे धरली.

आक्का ओट्यावरून म्हणाल्या, या पावणं, बसा, च्या घ्या. त्या लग्नापासून मला पावणंच म्हणतात, जावयाला तसंच म्हणतात. आज तो शब्द पहिल्यांदा ऐकू आला. गुडघ्याची चौकशी केली. म्हणाल्या, गुडघ्याला काय धाड भरलीया?

शेवटी फ्रेम दिली. संयोगिताने फडकं खाली केलं, हात पुसले आणि बराच वेळ बघितलं. अक्षरांवरून बोट फिरवलं. चित्रातल्या हातापाशी बोट थांबलं. मी म्हणणार होतो की उजवा बॅलन्सला बरा पडतो. नाही म्हणालो. ती म्हणाली, चांगलं झालंय. मग म्हणाली, तेव्हा पाहिजे होतं.

मी घरी कधी येणार असं विचारणार होतो, पण तेवढ्यात ती आत गेली आणि छापलेलं पाकीट घेऊन आली. म्हणाली, तुम्ही आलाच आहात तर एक काम आहे. मोठ्या पाकिटावर इडली फाटल्यासारखी छापून येते. प्रेसवाला म्हणतो, नीट काढून आणा. काढून द्याल का?

मी म्हटलं, इडली? कांदा-लसूण चटणीवर? हे मूळच्या चुकीवर शिक्कामोर्तब आहे. माझं लेबल समोर आहे, ते घे, इडली काढून टाक. ती म्हणाली, गिऱ्हाईक इडली बघून घेतंय, काढली तर डुप्लिकेट म्हणून परत करतील. लोकांच्या मनात एकदा बसलंय, आता काढून चालणार नाही.

हे वाक्य माझं आहे. डायरीत आहे. तिला सांगितलं नाही.

हो म्हटलं. कधी देणार, म्हणाली. सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. परवा, म्हटलं. मोना हसली, संयोगिता हसली नाही. म्हणाली, इडलीखाली 'कोल्हापुरी कांदा-लसूण' एवढं बारीक टाका, बाकी काही बदलू नका. आणि पाकिटं भिजवू नका.

मी चहा पिऊन निघालो. फ्रेम तिथेच राहिली. निघताना बघितलं, तिच्यावर कुणीतरी पाकिटांचा गठ्ठा ठेवला होता.

एसटीत बसल्यावर कळलं की तेव्हा पाकिटांत गेलेलं पाणी थोडं नव्हतं. सगळी चटणी गेली होती.

२५ ऑक्टोबर, शनिवार

इडली काढली. चारही. डोळे असलेलीचे डोळे ठेवले, ती ओळखीची झालीय. वाफ, वाटी, कढीपत्ता, सगळं होतं तसं. पानाच्या कडेची नसलेल्या भाषेतली अक्षरंसुद्धा काढली, जशीच्या तशी. इतकी मेहनत मी कुठल्याही चुकीवर घेतली नव्हती.

दुपारच्या आत पाठवली. वेळेच्या आधी. उत्तर लगेच आलं : नमस्कार, आनंद वाटला, लवकरच बोलू. बरं.

भाताला आधण ठेवत होतो तर फोन परत वाजला. आकाराम असेल म्हणून तसाच राहू दिला. मग बघितला. तिच्याच नंबरवरून, पण नमस्कार नाही, आनंद नाही, शेवटी पूर्णविराम पण नाही.

'लसणाचा ल हिंदी आलाय'

मोठं करून बघितलं. आलाय. 'कोल्हापुरी' मी हाताने काढलं होतं, पण 'कांदा-लसूण' माप बघायला टाइप केलं आणि घाईत तसंच राहिलं. दांडीला टेकून उभा आहे, दिसतोय चांगला. मी इतक्यांदा बघूनही मला दिसला नव्हता. प्रेसवाल्याला दिसला नसता, मोनाला नाही, आकारामला तर नाहीच. कोल्हापूर जिल्ह्यात हा ल दिसणारं माणूस एकच आहे आणि ते गारगोटीत राहतं. मला वाटायचं मी ल वर बोलतो तेव्हा ती भाजी निवडत असते.

रडलो. क्लायंटने करेक्शन सांगितल्यावर रडायचं नसतं, पण रडलो. आधण आटलं.

ल बदलला. मधोमध लोंबणारा, दोन्हीकडे गोल. फाइलखाली 'तू डावखुरी आहेस हे मला' इतकं लिहिलं. पुढे सुचेना. पुसलं. नुसती फाइल पाठवली.

उत्तर आलं. आनंद वाटला, आम्ही लवकरच आपल्याशी बोलू. ते आपोआप येतं, माहीत आहे. फोन सुलटाच ठेवलाय.